ओल्याला कोरडं हवं : महाविद्यालय आवारातल्या खतप्रकल्पाच्या नोंदी

जागा: यवतमाळ जिल्हा, ग्रामपंचायत हद्दीतले आवार. दोन वसतिगृहे, एक मेस, एक कँटीन. मेसमध्ये जेवणारे साधारण १८०. काम रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) गट, मेसचे कर्मचारी आणि बागेचे माळी मिळून करतात.

२३ जून

मेस सुरू होऊन आठवडा झाला. या आठवड्यात फक्त तोलले. मेसमागच्या ओट्यावर ताडपत्री अंथरून सगळे डबे रिकामे करायचे, सात ढीग करायचे, घमेले ताणकाट्याला अडकवून वजन घ्यायचे. रोजची सरासरी अशी: ताटातले उष्टे २४ किलो, भाजीच्या साली-देठे ११, कँटीनचा चहाचा चोथा व उरलेसुरले ७, फळांच्या साली, फुले वगैरे ३. म्हणजे ओले ४५ किलो. कागद-पुठ्ठा ५ किलो, प्लास्टिक २.

सातवा ढीग कुठेच न बसणाऱ्या वस्तूंचा: बॅटरीचे सेल, तुटलेले पेन, फुटके बल्ब आणि खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) पन्न्या. पन्न्यांचे वजन काट्यावर दिसतही नाही, पण त्या प्रत्येक ढिगात सापडल्या, चहाच्या चोथ्यातसुद्धा. खतात सगळ्यात जास्त त्रास त्यांचाच होणार. चौकोनी पातळ पन्नी चाळणीतून गुंडाळी होऊन खाली निसटते आणि शेतात वर्षानुवर्षे राहते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रोज सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणारी संस्था मोठी कचरा-निर्माती ठरायची. आपण त्याच्या निम्म्यावर आहोत. शिवाय ते नियम शहरी संस्था, जनगणना शहरे (जनगणनेत शहर धरलेली गावे) अशा भागांसाठी होते. ग्रामपंचायत हद्दीत त्याबद्दल विचारायला कोणी येत नाही, आणि घंटागाडीही येत नाही. आजवर सगळे मागच्या खड्ड्यात जायचे आणि उन्हाळ्यात पेटवले जायचे.

२४ जून

हौदांचे बांधकाम मे महिन्यात उरकले. डागडुजीच्या वेळी लागतील म्हणून मापे लिहून ठेवत आहोत.

चार हौद एका रांगेत, प्रत्येकी आतून ४ × ४ × ४ फूट. भिंत अर्ध्या विटेची, जाळीदार: दर दोन विटांनंतर अर्ध्या विटेची फट. कोपरे मात्र भरीव. पुढची बाजू मोकळी. दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल आणि त्यात वरून सरकवायच्या सहा फळ्या. हौद भरेल तशा फळ्या चढवायच्या, उपसताना एकेक काढायची. फळ्या बाभळीच्या, कारण उधई त्यांना उशिरा लागते.

जमीन काळी आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्यावर थेट टाकलेला कोबा दोन वर्षांत तडकतो. म्हणून दीड फूट माती काढून मुरूम भरला, पाणी मारून धुम्मस केला आणि मगच ४ इंच काँक्रीट टाकले. तळाला मागे उतार, दर ५० फुटांना १ फूट. मागच्या नालीतून पाझर बादलीत पडतो. वर पत्र्याचे छप्पर. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो म्हणून त्या बाजूला पत्रा तीन फूट पुढे काढला आहे. फटींना आतून १२ मिमी जाळी बसवली. ती घुशींसाठी. घूस आली की तिच्यामागे साप येतो, आणि हौदात हात घालणारा माणूस आपलाच असतो.

२६ जून

वर्गीकरणाची जागा ठरली: ताट घासण्याच्या आधीचा कठडा. कचरा एकदा एका डब्यात एकत्र झाला की तो निवडायला माणशी तास जातो, हात खराब होतात आणि तरी पन्नी राहतेच. ताट हातात असताना तेच काम करायला चार सेकंद पुरतात.

कठड्याची मांडणी अशी. फरशीत ९ इंच व्यासाचे भोक, त्याखाली ५० लिटरचा ड्रम. ड्रमच्या तोंडावर दुसरी, तळाला ८ मिमीची छिद्रे पाडलेली बादली. वरण, रस्सा, ताक छिद्रांतून खाली गळते. भात, पोळी, भाजी वर राहते. निथळून उष्टे २४ वरून १९ किलोवर आले, म्हणजे ओले एकूण ४० किलो. हे ५ किलो पाणी हौदात गेले असते तर ते शोषायला जवळपास तितकेच कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) जास्त लागले असते. गळलेले पाणी तेलसापळ्यातून शोषखड्ड्यात जाते. तेलसापळा आठवड्याला उपसायचा, नाहीतर शोषखड्ड्याच्या तळावर तुपट थर बसून पाणी जिरणे थांबते.

भोकाच्या उजव्या हाताला कोरड्याचा डबा. त्याला झाकण आणि झाकणात फक्त ४ इंचाची चीर. चिरीतून पेपर नॅपकिन, वेफरची पुडी, चमचा जातो. ताट पालथे घालता येत नाही. हात ज्या बाजूला सहज वळतो तिथे भोक आणि जिथे थांबून टाकावे लागते तिथे चीर, एवढी युक्ती पुरते.

पाट्यांवर चित्रे काढली नाहीत, खऱ्या वस्तू ठोकल्या. हिरव्या पाटीवर वाळवलेली संत्र्याची साल, पळसाची पत्रावळ, अंड्याचे कवच. निळ्या पाटीवर दुधाची पिशवी, कागदी कप, चंदेरी द्रोण, खर्र्याची पन्नी. कपाखाली मोठ्या अक्षरात: 'हा कागद नाही.' पहिले पंधरा दिवस जेवणाच्या दोन्ही वेळा रासेयोचा एक स्वयंसेवक कठड्याशी उभा राहील. स्वयंसेवकाला वर्षाला करायच्या १२० तासांच्या सेवेत ते धरले जाईल. त्यानंतर आठवड्यातून एकदा पुरे.

पातेल्यात उरलेला, कोणाच्या ताटात न गेलेला भात-पोळी शेजारच्या गोठ्यात जातो. एका जनावराला एकदम टोपलीभर द्यायची नाही. शिजलेले धान्य झपाट्याने आंबते, पोटात आम्ल वाढते आणि जनावर आडवे होते. थोडे, आणि कडब्याबरोबर.

४ जुलै

हौद १ भरायला घेतला.

तळाला ९ इंच पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे), वीतभर तुकडे करून आडव्यातिडव्या. हवा खालून येण्यासाठी हा थर हवाच. मधोमध ४ इंची पीव्हीसी पाइप उभा, सर्व बाजूंनी छिद्रे पाडलेला. त्यावर रोजचे मिश्रण: ४० किलो ओले, १२ किलो कोरडे. कोरड्यात सध्या निम्मे सोयाबीनचे कुटार, निम्मा सुकलेला पाला. कोबीचे बुंधे, कणसांचे दांडे, नारळाच्या शेंड्या कोयत्याने तोडून. रोज वर ३ इंच कोरडे पांघरूण; ओले कणभरही दिसता कामा नये. पहिल्या दिवशी मुरवण म्हणून दोन घमेली जुने शेणखत मिसळले. बाजारात मिळणारी कल्चरची पाकिटे वापरली नाहीत. ताजे शेण किंवा जुने खत असेल तर त्यांची गरज नसते, आणि कोरडे कमी पडले तर ती काही वाचवतही नाहीत.

४० ला १२ कुठून आले, ते लिहून ठेवतो. मेसच्या ओल्यात पाऊण पाणी. उरलेल्या १० किलोत कार्बन-नत्राचे प्रमाण १८ ला १ च्या आसपास. सुकलेल्या पाल्यात ते ५०-६० ला १. दोन्ही मिळून २८-३० ला १, ओलावा ६० टक्के. जंतूंना हेच लागते. ओले-कोरडे आकारमानाने मोजायचे असेल तर एक टोपले उष्ट्याला अडीच-तीन टोपली सैल पाला. मेसच्या माणसाला वजन सांगून उपयोग नाही, टोपलीच सांगायची.

७ जुलै

कुटार संपले. गावात विचारले, जूनपासून पोळ्यापर्यंत कुटाराला सोन्याचा भाव असतो, कारण हिरवा चारा नीट यायचा असतो आणि गोठ्यातला साठा तळाला गेलेला असतो. लाकडाचा भुसा आरा मशीनवर मिळाला. फक्त सागाचा-बाभळीचा घ्यायचा. प्लायवूड कापलेला भुसा नको, त्यात डिंकाची रसायने असतात. भुसा पाणी चांगले पितो, पण त्यात नत्र जवळपास नसते आणि तो फार बारीक असल्याने गच्च बसतो. कोरड्यापैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घालायचा नाही.

१२ जुलै

तीन दिवस झड लागली. हौदाला वास.

वास दोन प्रकारचे असतात आणि त्यांचे उपाय उलटे आहेत. नाकाला झोंबणारा, गोठ्यातल्या मुतासारखा वास म्हणजे अमोनिया: नत्र जास्त, कार्बन कमी. त्याला पाला वाढवावा लागतो. सडक्या अंड्याचा किंवा आंबलेल्या उष्ट्याचा वास म्हणजे हवा संपली: पाणी जास्त किंवा थर दबला. तिथे नुसता वरून पाला टाकून भागत नाही. आतपर्यंत फिरवावे लागते.

हा दुसरा होता. पावसाच्या दिवसांत वरून घातलेला भुसा ओला होऊन पापडी बनली होती, तिच्याखाली हवा जात नव्हती. फळ्या काढल्या, पंजाने सगळे मोकळे केले, पऱ्हाट्यांचे तुकडे दोन टोपली मिसळले. पाइपची छिद्रे बुजली होती, ती सळईने उघडली.

ओलाव्याची परीक्षा: मूठभर मिश्रण घट्ट पिळायचे. बोटांत एक-दोन थेंब दिसले तर बरोबर. धार लागली तर ओले. काहीच न येता हात उघडल्यावर गोळा फुटला तर कोरडे. हे मीटरपेक्षा खात्रीचे आहे. मिठामुळे स्वस्त मीटर चुकीचे आकडे दाखवतात.

अळ्या दिसल्या: मोठ्या, करड्या, चपट्या. काळ्या सैनिकी माशीच्या. घाण दिसते, पण त्या उष्टे झपाट्याने फस्त करतात आणि माणसाच्या घरात येत नाहीत. पांढऱ्या बारीक अळ्या मात्र घरमाशीच्या. त्या दिसल्या म्हणजे वरचे पांघरूण कमी पडले.

१५ जुलै

कँटीनवाल्याशी कपांबद्दल बोलणे झाले. कागदी कपाला आतून पातळ प्लास्टिकचा थर असतो. हौदात कागद कुजतो आणि थराची जाळी उरते. चंदेरी द्रोणाचेही तेच. कँटीन काचेच्या पेल्यांवर गेले. पोहे-सांबारवडीला पळसाचे द्रोण. त्यांच्या काड्यासुद्धा कुजतात आणि हौदात ते उत्तम कोरडे म्हणून चालतात.

२१ जुलै

हौद १ काठोकाठ. हौद २ ला सुरुवात.

२५ जुलै

हौद १ चे तापमान मधोमध दीड फूट खोल ६१ अंश, कडेला ४४. तापमापक लांब दांड्याचा, डायलचा. तो नसेल तेव्हा लोखंडी सळई दहा मिनिटे खुपसून ठेवायची. काढल्यावर ती मुठीत धरवत नसेल तर ५५ च्या पुढे आहे.

५५ अंश सलग तीन दिवस मिळाले की रोगजंतू आणि तणांचे बी मरते, पण फक्त मधल्या भागातले. कडा थंड राहतात. म्हणून उलटवताना कडेचे मध्ये आणि मधले कडेला घालायचे. नुसते वरखाली केल्याने कडेचे बी कडेलाच जिवंत राहते. ६५ च्या वर जाऊ द्यायचे नाही, उपयोगी जंतूही मरतात आणि मग हौद दोन-तीन दिवस मेल्यासारखा पडून राहतो. ६५ दिसले की उलटवा. ४५ च्या खाली आले की उलटवा. मधे हात लावू नका.

३ ऑगस्ट

गाजरगवत. रासेयोने मैदान साफ केले आणि सगळे हौदाशी आणून टाकले. फुलोऱ्याच्या आधीचे असेल तर चालते, नत्र भरपूर असते. फुललेले होते. ते वेगळ्या खड्ड्यात. त्यात हात घालणाऱ्यांना हातमोजे सक्तीचे. त्वचेवर चट्टे येतात.

१८ ऑगस्ट

कोरड्या कचऱ्याची व्यवस्था. जुन्या सायकल स्टँडमध्ये सहा पोती टांगली: पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, कडक प्लास्टिक, धातू. भंगारवाला पंधरा दिवसांनी येतो. पुठ्ठा ओला असेल तर तो भाव निम्मा करतो, म्हणून पावसाळ्यात पुठ्ठ्याचे पोते भिंतीपासून दूर. दुधाच्या पिशव्या कापून, विसळून, दोरीवर वाळवून. न धुतलेल्या पिशव्या दोन दिवसांत वास मारतात आणि कोणी घेत नाही. कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडायचा नाही. तो तुकडा हमखास जमिनीवर पडतो आणि तिथून खतात जातो.

वेफर-बिस्किटांच्या चकचकीत पुड्यांना घेणारा नाही. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात, वेगळे करता येत नाहीत. चंद्रपूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत आणि सिमेंटच्या भट्टीत असे प्लास्टिक जळणात वापरता येते, पण त्यासाठी टनावारी गठ्ठे लागतात. आपले महिन्याला दहा-बारा किलो. पोत्यात भरून नगरपंचायतीच्या कोरड्या कचऱ्याच्या केंद्रावर पोचवतो.

रसायन प्रयोगशाळेचे काहीही या व्यवस्थेत नाही. जीवशास्त्राचे फॉर्मॅलिनमधले नमुनेही नाहीत. फॉर्मॅलिन जंतू मारण्यासाठीच असते, आणि हौद जंतूंवरच चालतो. मुलींच्या वसतिगृहातील सॅनिटरी पॅड वेगळ्या झाकणाच्या डब्यात, कागदात गुंडाळून. ते कधीही कठड्यापर्यंत येत नाहीत.

७ सप्टेंबर

निर्माल्य, गावातले आणि वसतिगृहाचे मिळून दोन बैलगाड्या. झेंडू, दुर्वा, आघाडा, केळीचे खांब: सगळे उत्तम, ओल्यात धरायचे. पण हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले. दोरा उलटवताना पंजाला गुंडाळला जातो आणि श्रेडरच्या (काडीकचरा बारीक करणाऱ्या यंत्राच्या) आसाला तर घट्टच बसतो. दोरे कापून काढायला अख्खा दिवस गेला. पुढच्या वर्षी मंडळांना सुती दोऱ्याची रिळे आधीच नेऊन द्यायची. थर्माकोलची मखरे परत पाठवली; २०१८ पासून राज्यात त्यावर बंदी आहे, तरी येतात.

१४ ऑक्टोबर

हौद १ मधून काढलेले खत छपराखाली मुरत होते. आज चाळले.

आधी पिकले की नाही, हे पाहिले. एक: ढीग उलटवल्यावर पुन्हा गरम होत नाही. दोन: ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठ दिवसांनी उघडले, मातीचाच वास आला. तीन: खत-माती निम्मी निम्मी आणि नुसती माती अशा दोन कुंड्यांत मुगाचे दाणे. दोन्हीकडे सारखेच उगवले, पण खताच्या कुंडीतल्या पानांच्या कडा किंचित करपल्या. तिसऱ्या परीक्षेने प्रश्न निघाला.

हौदात एकूण साडेनऊशे किलोच्या आसपास गेले होते. ४ मिमी चाळणीखाली २६८ किलो आले, वर ४१ किलो जाड राहिले. जाड म्हणजे पऱ्हाट्यांचे तुकडे, कोया, अंड्यांची कवचे. ते परत हौदात, पुढच्या खेपेचे मुरवण. चाळणीवर सापडलेल्या हुमणीच्या गुबगुबीत पांढऱ्या अळ्या वेचून काढल्या. त्या खताबरोबर शेतात गेल्या तर मुळे खातात.

कडा करपण्याचे कारण मीठ. नमुना तपासून घेतला: विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) ४.६ डेसिसीमेन्स प्रति मीटर. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी मर्यादा ४ आहे (तिथेच कार्बन-नत्र २० च्या आत आणि ९० टक्के खत ४ मिमी चाळणीतून जायला हवे, असेही आहे). विकायचे नसल्याने आपल्यावर ते बंधन नाही, पण रोपांना कायदा कळत नाही. मेसच्या कोणत्याही खतात हे होते: वरण, भाजी, लोणचे, पापड, सगळ्यात मीठ, आणि कुजताना वजन कमी होते, मीठ तेवढेच राहते. उपाय: पाल्याच्या खतात निम्मे मिसळणे, किंवा मोठ्या झाडांना घालणे. रोपवाटिकेत नुसते वापरायचे नाही. लोणचे-पापड वेगळे काढायला सांगून पाहिले, ते होणे नाही.

१७ ऑक्टोबर

दिवाळीची सुटी. मेस बंद. हौद ३ अर्धाच भरलेला. अर्धा हौद उष्णता धरत नाही, साधारण एक घनमीटर तरी ढीग लागतो. हौद २ मधले मिश्रण त्यात ओढून घेतले आणि वर ओली पोती टाकली. ऑक्टोबर हीटमध्ये वरचा वीतभर थर दोन दिवसांत वाळतो.

गावात सोयाबीनची मळणी चालू आहे. बांधावर कुटाराचे ढीग, काही जण पेटवायच्या बेतात. जूनमध्ये जे मिळत नव्हते ते आता 'घेऊन जा' म्हणतात. ट्रॅक्टरची एक ट्रॉली आणली, तोलून ७८० किलो. पुढच्या वर्षापासून हे दिवस ठरलेले.

२ डिसेंबर

रात्री १० अंश. हौद ४ मधोमध ५७. थंडीने फरक पडला नाही, फक्त कडेचा थंड पट्टा रुंद झाला.

१९ जानेवारी

पऱ्हाट्या. शेजारचे शेतकरी कपाशी उपटून द्यायला तयार आहेत. घेतानाची अट: आणले त्याच आठवड्यात श्रेडरमधून काढायचे. उभ्या किंवा रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांवरच्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर पतंग उडतात. फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी) घेऊ नका, पऱ्हाट्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर रचू नका, असे कृषी विभाग सांगतो ते यासाठीच. खतप्रकल्पाच्या नावाखाली आवारात पऱ्हाट्यांची गंजी उभी राहिली तर आजूबाजूच्या कपाशीला आपणच अळी पुरवू.

श्रेडर ३ एचपीचा. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत घेतो, बुंधे नाही. बुंधे कोयत्याने तोडून मेसच्या चुलीला. पाती बोथट झाली की तुकड्यांऐवजी दोरखंडासारख्या साली निघतात; तसे दिसले की थांबून पाती उलटवायची. भारनियमनामुळे काम सकाळीच.

२३ जानेवारी

नाडेप टाके भरले. या भागात खत म्हटले की लोक नाडेपच सुचवतात, पद्धतच पुसदच्या पांढरीपांडेंची, नाडेप काकांची. पण मेसच्या उष्ट्याला ती बसत नाही. नाडेप टाके ४८ तासांच्या आत पूर्ण भरून वरून लिंपून बंद करायचे असते. रोज ४० किलो घालत महिनाभर भरत राहिले तर खालचा थर कुजून बसतो, वरचा ताजा, आणि माती-शेणाचे प्रमाण बिघडते. शेतातला व बागेतला काडीकचरा एकदम जमतो तेव्हा मात्र त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

टाके १० × ६ × ३ फूट, जाळीदार. काडीकचरा १,४०० किलो (पऱ्हाट्यांचा चुरा, तुराट्या, गवत), शेण १०० किलो, चाळलेली कोरडी माती १,७५० किलो, पाणी दीड ते दोन हजार लिटर. प्रत्येक थर: ६ इंच काडीकचरा, त्यावर ४ किलो शेण १२५-१५० लिटर पाण्यात कालवून, त्यावर माती. अकरा-बारा थरांत टाके काठाच्या दीड फूट वर जाते. झोपडीसारखा उतार देऊन शेण-मातीने ३ इंच लिंपायचे. मातीचे वजन पाहून मुले चक्रावतात, पण मातीच नत्र आणि ओल धरून ठेवते. पंधरा-वीस दिवसांत ८-९ इंच खाली बसेल, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचे. भेगा दिसल्या की लगेच शेणाने बुजवायच्या. तीन ते चार महिने. हे बिनमिठाचे खत मेसच्या खतात मिसळायला लागणार आहे.

१६ फेब्रुवारी

पानगळ सुरू. झाडणाऱ्या बायांना पाला पेटवू नये म्हणून नुसते सांगून उपयोग नव्हता, कारण त्यांना तो नेऊन टाकायला जागाच नव्हती. आता मैदानाच्या चार कोपऱ्यांत कोंबडीजाळीचे गोल पिंजरे उभे केले आहेत, ४ फूट व्यासाचे. झाडण्याच्या अंतरातच टाकायचे.

कोणता पाला कसा: कडुलिंब बारीक, तसाच चालतो. करंज चांगला, लवकर कुजतो. सागाची पाने ताटाएवढी, एकावर एक चिकटून पाणी अडवतात. श्रेडरशिवाय नाही, कापल्यावर आकारमान तिसऱ्या हिश्श्यावर येते. बांबूचा पाला फार हळू. निलगिरीचा वेगळा ठेवला. तो आच्छादनाला झाडाखाली, हौदात नाही. पाला सकाळच्या दहिवरात गोळा करायचा नाही. ओला भरला की पोत्यात बुरशी येते आणि श्रेडर गुदमरतो.

२० मार्च

गणित मांडले. मेस वर्षाला साधारण २४० दिवस. रोज १२ किलो कोरडे, म्हणजे २,८८० किलो. तुडवून भरलेल्या पोत्यात पाला ८ किलो बसतो. सगळे पाल्यावरच भागवायचे तर ३६० पोती. जुलैतला वास, चिलटे, अळ्या, पाझर या सगळ्यांचे मूळ या आकड्यात आहे. ओले रोज आपोआप येते. कोरडे वर्षातून दोनदाच येते, ऑक्टोबरात कुटार आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला. त्या दोन खेपा हुकल्या की पावसाळाभर दुसरा उपाय नाही.

२ एप्रिल

साठवणीची जागा: जुन्या स्टाफ क्वार्टरच्या दोन खोल्या. पोती उघड्यावर ठेवली नाहीत. विणलेल्या प्लास्टिकची पोती उन्हात एका उन्हाळ्यात विरतात आणि त्यांचे धागे पाल्याबरोबर हौदात जातात. मग पन्न्यांविरुद्ध केलेली सगळी मेहनत वाया. पोती विटांवर रचलेल्या फळ्यांवर, भिंतीपासून एक फूट सोडून. उधई भिंतीतून येते. खोलीत वीजजोडणी तोडलेली, दाराशी वाळूच्या बादल्या आणि २०० लिटर पाण्याचा ड्रम. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात असतो आणि वाळलेला साग ठिणगीची वाट पाहत असतो. विडी ओढणाऱ्याला त्या बाजूला बंदी. पोते उचलताना आधी काठीने हलवायचे, खाली विंचू असतो.

१२ एप्रिल

मेस पुढच्या आठवड्यात बंद. साठा मोजला: पाला १९० पोती, १,५२० किलो. पऱ्हाट्यांचा चुरा ७०० किलो. कुटार शिल्लक ३०० किलो. एकूण २,५२०, गरजेपेक्षा ३६० कमी. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मेसचे साधारण ११० दिवस, म्हणजे १,३२० किलो. तेवढे पाल्यातूनच निघते. कमी पडणारे ३६० सोयाबीनच्या मळणीला भरून काढायचे. ट्रॉलीसाठी तिघा शेतकऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवले आहे.

वापरण्याचा क्रम: पहिल्या झडीला सागाचा चुरा आणि पऱ्हाट्या मिळून, कारण दोन्ही दबत नाहीत. कडुलिंब-करंज ऑगस्टपासून. कुटार उन्हाळ्यात उंदरांनी पोखरले नाही तर निर्माल्याच्या आठवड्यासाठी राखून. आत ठेवलेल्या प्रत्येक पोत्यावर खडूने झाडाचे नाव लिहिले आहे. जूनमध्ये नवीन मुले येतील तेव्हा त्यांना पानावरून झाड ओळखू येईलच असे नाही.

हौद २ आणि ३ रिकामे. फळ्या धुवून सावलीत ठेवल्या. हौद ४ मधले खत छपराखाली ओल्या पोत्यांखाली मुरते आहे, दर चार दिवसांनी पाणी. माळ्याकडे किल्ली.